जाड अंगाचा, पातळ कातडीचा

टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्यांच्या तोंडावरून आणि पाठीवरून काही जपानी रसायनशास्त्रज्ञांनी गॉजच्या पट्टीनं घाम टिपून घेतला. अंगावर फुटतो तेव्हा हा घाम नितळ असतो, जरासा चिकट. बघता बघता त्याला लाली चढते आणि काही मिनिटांत एवढा मोठा प्राणी रक्तबंबाळ झाल्यासारखा दिसायला लागतो. पुढे रंग उतरत जातो आणि उरते ती तपकिरी खपली.

रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय की पाणघोडा खाऊन खाऊन सुस्तावला की बोरूच्या टोकदार खुंटावर पाय दाबून स्वतःचं रक्त काढतो आणि मग जखमेवर चिखल लिंपतो. माणसांचे वैद्य म्हणे ही विद्या त्याच्याकडूनच शिकले. कुणीतरी लांबून हा लाल घाम पाहिला असणार आणि बाकीची कथा प्रवासात वाढली असणार, असं मला वाटतं.

जपानी मंडळींनी २००४ साली 'नेचर'मध्ये या लालीचा उलगडा केला. घामात दोन रंगद्रव्यं निघाली, एक लाल आणि एक नारिंगी. लाल द्रव्याचं नाव हिप्पोसुडोरिक आम्ल, नारिंगीचं नॉरहिप्पोसुडोरिक आम्ल. दोन्ही द्रव्यं उन्हातले अतिनील किरण शोषून घेतात. शिवाय लाल द्रव्य जिवाणूंची वाढ रोखतं, त्यातही माणसांच्या इस्पितळात उच्छाद मांडणाऱ्या जातींची. म्हणजे उन्हाचं क्रीम आणि जखमेचं मलम एकाच ग्रंथीतून. ही ग्रंथी कातडीच्या खूप खाली असते आणि आपल्या घर्मग्रंथींशी तिचं फारसं नातं नाही, म्हणून जाणकार याला घाम म्हणायलाही कचरतात. आपण म्हणू. अंगाला पाझरतो, उन्हात पाझरतो, तो घामच.

एवढा सरंजाम लागतो कशाला? निर्लज्ज माणसाला आपण गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. त्या चालीवर पाणघोड्याची कातडी तर त्याहून निबर असेल, असं कुणालाही वाटेल. जाडी आहेच, काही ठिकाणी पाच-सहा सेंटिमीटर भरते. पण सगळ्यात वरचा थर, जो शरीरातलं पाणी आत कोंडून ठेवतो, तो मात्र कमालीचा पातळ. उघड्यावर उभ्या असलेल्या पाणघोड्याच्या अंगातून पाणी इतक्या झपाट्यानं उडून जातं की माणसाचा दर त्याच्यापुढे काहीच नाही. आफ्रिकेच्या भर दुपारी पाण्याबाहेर राहिला तर कातडी तडकायला लागते.

या प्राण्याचा स्वभाव, त्याची भांडणं, त्याचे रात्रीचे उद्योग, तो राहतो त्या नदीचा रंगसुद्धा या एका कातडीपासून सुरू होतो. पाणघोड्याला पाण्याचा सोस नाही, त्याला उन्हाची बंदी आहे.

म्हणून दिवस पाण्यात. आणि पाण्यातला हा जीव पोहत नाही. दीड टनाच्या आसपासचं धूड, नर तर कधी तीन टनांपर्यंत जाणारा, पण पाण्यावर तरंगणं त्याच्या नशिबी नाही. त्याची हाडं भरीव आणि जड असतात, त्यामुळे तो बुडतो आणि बुडणं हेच त्याच्या कामाचं असतं. तो नदीच्या तळावर पाय टेकून चालतो. पाय टेकला की अंग उचललं जातं, पुढे सरकतं, अलगद खाली येतं, मग पुढचा पाय. काचेच्या भिंतीमागच्या टाकीत हे नीट दिसतं. जमिनीवर ओझं वाटणारं तेच शरीर पाण्याखाली चक्क डौलदार होतं.

जमिनीवरही त्याला कमी लेखू नये. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या दोघांनी पाणघोड्यांच्या धावण्याच्या चित्रफिती एकेक चौकट थांबवून तपासल्या आणि २०२४ साली निष्कर्ष मांडला: पाणघोडा हळू चालो की जिवाच्या आकांतानं पळो, त्याची चाल एकच, दुडकी. आणि अगदी वेगात असताना त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात, जवळजवळ ०.३ सेकंद. हत्तीला हे जमत नाही.

डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर एका रेषेत बसवलेल्या आहेत. बाकी सगळं अंग बुडवून एवढंच वर ठेवलं की जगाची खबर मिळत राहते. डुबकी मारली की नाकपुड्या घट्ट मिटतात, कान दुमडतात. साधारण पाच मिनिटं श्वास रोखता येतो. झोपेतसुद्धा शरीर आपसूक वर येतं, नाक फुर्रकन फवारा सोडतं, श्वास घेतं आणि पुन्हा खाली जातं, डोळे न उघडता. आठ महिन्यांनी जन्मणारं पिल्लू बरेचदा पाण्यातच जन्मतं आणि पाण्याखालीच आईला पितं, कान-नाक मिटून. मधूनच वर येऊन श्वास घेतं, पुन्हा आचळाकडे जातं. (पाणघोड्याचं दूध गुलाबी असतं, असं मोबाइलवर फिरत असतं. ते पांढरंच असतं. लाल घाम आणि दूध यांची कुणीतरी सरमिसळ केली.)

अर्धं डोकं पाण्यात आणि अर्धं हवेत असेल तर ओरडायचं कुठे? पाणघोडा दोन्हीकडे ओरडतो. अमेरिकी संशोधक विल्यम बार्कलो यांनी पाण्याखाली मायक्रोफोन सोडून दाखवून दिलं की एकच हाक नाकपुड्यांतून हवेत आणि त्याच वेळी गळ्याच्या मांसातून पाण्यात जाते. काठावरच्या माणसाला हवेतला अर्धाच आवाज ऐकू येतो. आधी लांबलचक फुत्कार, मग धापा टाकत हसल्यासारखे तुटक हुंकार. एक पाणघोडा सुरू करतो, दुसरा उचलतो, आणि नदीच्या वळणामागच्या, नजरेआडच्या कळपापर्यंत हा गलका पोचतो.

या हाकेत काय असतं? फ्रान्सच्या निकोलास माथेवों यांच्या चमूनं मोझांबिकमधल्या मापुतो अभयारण्यात त्याचा छडा लावला. तळ्यातळ्यांतल्या पाणघोड्यांच्या हाका ध्वनिमुद्रित करायच्या आणि काठावर लाउडस्पीकर ठेवून वाजवायच्या. कधी स्वतःच्याच कळपाची हाक, कधी त्याच तळ्यातल्या शेजाऱ्याची, कधी लांबच्या परक्याची. शेजाऱ्याच्या हाकेवर साधं उत्तर मिळालं. परक्याची हाक ऐकली मात्र, मंडळी स्पीकरकडे सरकली आणि शेपटी पंख्यासारखी फिरवत शेणाचा सडा घातला. २०२२ साली हे छापून आलं. ओळख आवाजावरून पटते आणि निषेध शेणानं नोंदवला जातो, असा त्यांचा रिवाज.

हा रिवाज म्हणजे हद्दीचा मामला. पाणी सगळ्यांनाच हवं आणि उन्हाळ्यात ते आटत जातं. नदीचा एक तुकडा एका दांडग्या नराच्या ताब्यात असतो. त्यात दहा-वीस-तीस माद्या, त्यांची पिल्लं, आणि मान खाली घालून राहणारे दुय्यम नर. मान वर केली तर जबडा उघडतो. हा जबडा दीडशे अंशांपर्यंत फाकतो. खालचे सुळे अर्धा मीटर लांबीचे होतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून घासून त्यांना कायम धार असते. गवत खायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. ते निव्वळ भांडायला आहेत. नवा नर आला तर जुन्याची पिल्लंसुद्धा मारतो. माणसांचे बळी जातात तेही याच गणितात: पहाटे पाणी भरायला गेलेला माणूस नेमका पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये येतो, किंवा कोळ्याची होडी त्याच्या हद्दीवरून जाते.

इजिप्तच्या लोकांना ही धास्ती चांगली ठाऊक होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निळ्या चकाकत्या फायन्सचा एक छोटा पाणघोडा आहे, जवळजवळ चार हजार वर्षांचा, अंगावर कमळं चितारलेली. इतका गोंडस की तो म्युझियमचं अनौपचारिक बोधचिन्हच होऊन बसलाय. तो एका थडग्यातून निघाला तेव्हा त्याचे तीन पाय मोडलेले होते, मुद्दाम मोडलेले. मेलेल्या माणसाला परलोकात त्यानं त्रास देऊ नये म्हणून. पण गर्भार बायकांचं रक्षण करणारी तावेरेत नावाची देवीही त्यांनी पाणघोड्याच्याच रूपात घडवली. पिल्लाजवळ कुणी फिरकलं तर मादी काय करते, ते त्यांनी पाहिलेलं होतं. पाणघोड्याच्या सुळ्यांना पुढे वेगळाच मान मिळाला: हस्तिदंत पिवळा पडतो तसा हा दात पडत नाही, म्हणून अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची एक कवळी पाणघोड्याच्या दातातून कोरलेली होती.

सूर्य मावळला की बंदी उठते. दिवसभर एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेला कळप काठावर चढतो आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेनं निघतो. या वाटा पिढ्यान्‌पिढ्या तुडवून खोल झालेल्या असतात. पाण्यात हद्दीवरून जीव घेणारे हे प्राणी कुरणात मात्र कुणाशी वाद घालत नाहीत. अर्ध्या मीटर रुंदीच्या निबर ओठांनी गवत चिमटीत धरून खुडायचं, मान हलवत पुढे जायचं. ते चरून जातात तिथं गवत कापून काढल्यासारखं आखूड राहतं. रात्रभरात साधारण चाळीस किलो. एवढ्या धुडाला हा आहार तसा माफकच. दिवसभर पाण्यात पडून राहणाऱ्याला लागतं किती? पोट कप्प्याकप्प्यांचं आहे, पण गाईसारखं तो रवंथ करत नाही. गवत आत कुजत, आंबत राहतं. पहाटे परत पाण्यात. आणि मग जे व्हायचं ते पाण्यात होतं.

केनियातल्या मारा नदीवर अमँडा सुबालुस्की आणि ख्रिस्तोफर डटन या जोडप्यानं वर्षानुवर्षं या शेणाचा हिशेब मांडला. केनियाच्या हद्दीतल्या मारा खोऱ्यात चार हजारांहून जास्त पाणघोडे आहेत आणि ते दररोज सुमारे ३६ टन शेण पाण्यात टाकतात. रोज. टीव्हीवर आपण मारा नदी पाहतो ती स्थलांतराच्या दिवसांत, विल्डबीस्टचे लोंढे उड्या टाकताना आणि मगरी त्यांचे पाय धरताना. बुडणाऱ्या विल्डबीस्टांचाही नदीला मोठा खुराक मिळतो, पण तो वर्षातल्या काही आठवड्यांपुरता. पाणघोडे सुट्टी घेत नाहीत.

नदीचं पाणी कमी झालं की डोह स्थिर होतात आणि शेण तळाशी साचतं. या डोहांमध्ये माणसानं उतरणं म्हणजे आत्महत्या, म्हणून डटन यांनी रिमोटवर चालणारी छोटी बोट सोडून मोजमापं घेतली. तळाशी ऑक्सिजनचा पत्ता नाही. गोबरगॅसच्या टाकीत चालतं तेच इथं उघड्यावर चालू होतं: अमोनिया, मिथेन, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. आणि सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट २०२१ साली बाहेर आली. पाणघोड्याच्या आतड्यात जे जिवाणू असतात, त्यातले बरेच डोहाच्या तळाशी जिवंत असतात आणि आतड्यात करायचं तेच काम बाहेर करत राहतात. कारण त्यांच्या दृष्टीनं फारसं काही बदललेलंच नाही: अंधार, ऊब, प्राणवायूचा अभाव, अर्धवट पचलेलं गवत. पाणघोडे तेच पाणी गिळतात, म्हणजे एकाचे जिवाणू दुसऱ्याच्या पोटात जायची वाट मोकळी. आतडं कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते, ही रेघ अशा डोहात ओढता येत नाही. अख्ख्या कळपाचं मिळून एक सामाईक आतडं, आणि ते प्राण्यांच्या बाहेर.

मग वर कुठेतरी पाऊस कोसळतो. पुराचा लोंढा एकेक डोह ढवळत खाली येतो आणि तळातलं बिनऑक्सिजनचं काळं पाणी नदीत मिसळतं. तीन वर्षांच्या नोंदींत नदीतला ऑक्सिजन खाली आणणारे असे ४९ लोंढे सापडले, त्यातले तेरा वेळा तर तो जीवघेण्या पातळीपर्यंत घसरला. मग हजारो मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागतात. मराबू करकोचे, गिधाडं आणि मगरी यांची पंगत बसते. हे वाचल्यावर कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की नदी प्रदूषित झाली, कारखाना शोधा. इथं कारखाना चार पायांचा आहे आणि नदीच्या वहिवाटीत माणसापेक्षा जुना आहे. माणसांनी नद्यांकाठचे पाणघोडे संपवण्याआधी आफ्रिकेतल्या कितीतरी नद्या अशाच उकळत-गुदमरत वाहत असतील. आपण ज्याला निर्मळ नदी म्हणतो, ती कदाचित आपले प्राणी हरवून बसलेली नदी असेल.

याच शेणातून आणखी एक माल जातो. गवताची पात हाताला कापते ती तिच्यातल्या सिलिकामुळे. मातीतलं सिलिकॉन गवत मुळांनी ओढून घेतं, गवत पाणघोडा खातो, आणि पाणघोडा ते नदीत नेऊन टाकतो. बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली हिशेब केला: मारातले पाणघोडे दिवसाला सुमारे ४०० किलो सिलिकॉन पाण्यात पोचवतात. खाली व्हिक्टोरिया सरोवरात डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं राहतात. त्यांचं कवच काचेचं, म्हणजे याच सिलिकाचं. त्या शेवाळांवर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे. सरोवराच्या काठी कुणाच्या ताटात पडलेल्या माशाचा धागा असा मागे मागे नेला, तर तो रात्री कुरणात चरणाऱ्या एका जबड्यापर्यंत जातो. आणि तो जबडा रात्रीच का चरतो, तर कातडीला ऊन सोसत नाही म्हणून.

अशी कातडी आली कुठून? पाणघोड्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक डुक्कर नाही, घोडा तर नाहीच. देवमासा आहे. १९९० च्या दशकात डीएनए तपासताना हे नातं पुढं आलं आणि जीवाश्मवाल्यांनी बराच काळ नाकं मुरडली. पुढे एक दुवा आपल्याच देशातून मिळाला. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू भागातल्या कालाकोटहून आणलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर तसेच पडून होते. ते अमेरिकी संशोधक हान्स थेविसन यांच्या हाती आले. दगड फोडताना तंत्रज्ञाकडून एका कवटीच्या कानाजवळचं हाड चुकून तुटलं, आणि आतून जाड, वळलेली कड दिसली, जी देवमाशांच्या कानाखेरीज सहसा कुठे दिसत नाही. प्राण्याचं नाव इंडोह्यूस. मांजरापेक्षा थोडा मोठा, हरणासारखे सडपातळ पाय, आणि हाडं पाणघोड्यासारखी भरीव. सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वी तो बहुधा ओढ्यांच्या तळावर चालत असावा.

मग सगळं जुळलं म्हणायचं? केस नाहीत, पाण्यात बाळंतपण, पाण्याखाली आवाज, सगळं एकाच पूर्वजाकडून? तसं वाटत होतं. पण २०२१ साली कातडीच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा कळलं की देवमाशानं आणि पाणघोड्यानं आपापली पाणकातडी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या मार्गांनी कमावली. दोघं चुलतभाऊ, दोघंही पाण्यात उतरले, पण एकमेकांना न विचारता.

हा प्राणी आपल्याकडेही होता. शिवालिकच्या डोंगरांत, नर्मदेच्या खोऱ्यात आणि लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठच्या गाळातही त्याच्या भाऊबंदांचे जीवाश्म सापडले आहेत. हेक्साप्रोटोडॉन हे त्या भाऊबंदांचं शास्त्रीय नाव. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्याच मांजरेत हिमयुगात पाणघोडे डुंबत होते, याचा अर्थ तेव्हा तिच्या डोहांत बारमाही पाणी होतं. या प्राण्याला भागवून घेता येत नाही. भारतातला शेवटचा पाणघोडा साधारण १६ हजार वर्षांपूर्वीचा धरला जातो, आणि मोसमी पाऊस कमजोर पडून नद्या आटल्यानं तो संपला असावा, असा एक तर्क आहे. आज टांझानियातल्या ग्रेट रुआहा नदीत तेच नाटक पुन्हा चालू आहे: वर शेतीला पाणी उचललं जातं, उन्हाळ्यात प्रवाह तुटतो आणि उरलेल्या डबक्यांत पाणघोडे दाटीवाटीनं, स्वतःच्याच शेणात उभे राहतात. सगळ्या आफ्रिकेत मिळून ते आता सव्वा लाखाच्या आसपास उरलेत.

आणि जिथं पाणी कधीच आटत नाही तिथं? कोलंबियाचा कोकेन-सम्राट पाब्लो एस्कोबार यानं १९८० च्या दशकात आपल्या हासिएंदा नापोलेस या जहागिरीत हौसेखातर चार पाणघोडे आणून ठेवले, एक नर आणि तीन माद्या. १९९३ साली तो मारला गेला. बाकीचे प्राणी हलवले गेले, पाणघोड्यांना हात लावायला कुणी धजावलं नाही. ना सिंह, ना मगर, ना दुष्काळ. ते मागदालेना नदीच्या खोऱ्यात पसरले आणि चाराचे दीडशेच्या वर झाले. २०२२ साली सरकारनं त्यांना उपद्रवी परकी जात जाहीर केलं. ज्या तळ्यांत ते राहतात तिथं निळ्या-हिरव्या शेवाळांचं प्रमाण वाढलेलं संशोधकांना दिसलं, म्हणजे गवत पाण्यात पोचवायचं काम त्यांनी तिथंही चोख सुरू ठेवलंय. २०२३ साली त्यातले साठ गुजरातेत पाठवायचा बेतही जाहीर झाला होता.

मारण्याला विरोध झाला म्हणून नसबंदीवर भर दिला गेला. तो कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात आधी दोन-तीन टनांचा नर पाण्याबाहेर, पिंजऱ्यात आमिषानं आणायचा. मग जाड कातडीतून आत पोचेल अशी भूल द्यायची. ती कमी पडली तर तो उठतो, जास्त झाली तर श्वास थांबतो. आणि एवढं करून वृषणं शोधायची, तर ती बाहेरून दिसत नाहीत, आत दडलेली असतात, शस्त्रक्रिया चालू असतानाही आणखी आत सरकतात, आणि प्रत्येक नरात त्यांची जागा निराळी. भांडताना प्रतिस्पर्ध्याचे सुळे नेमके तिथं लागू नयेत म्हणून झालेली ही सोय असावी. डॉक्टरांच्या चमूचे एका नरावर तासन्‌तास जातात, आणि तेवढ्यात नदीच्या पुढच्या वळणावर एखादी मादी व्यालेली असते.